अळणी

लोक विसरतात, आम्ही आठवतो.
म्हणजे यंत्र आठवतं. आम्ही कॉफी करतो
आणि याद्या सांभाळतो, तार्तूत, नदीकडच्या
पिवळ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

याद्या दोनच. सुटलेले. न सुटलेले.
इकडची ओळ तिकडे जाते तेव्हा
आवाज होत नाही, फक्त एक आकडा घटतो,
एक वाढतो.

फेब्रुवारीत व्होरूकडचा एक दूध संघ आला.
बंद पडून नऊ वर्षं. सर्व्हर कुणाच्या तरी कोठारात
बटाट्यांच्या पोत्यांशेजारी टिकून राहिलेला.
चकती एकदा वाचली गेली, दुसऱ्यांदा नाही.
सातशे चाळीस सभासद, हिशेब कुलपात,
आणि किल्लीच्या जागी प्रत्येकाचा
बत्तीस अक्षरांचा हॅश. म्हणजे पीठ.
पिठातून दाणा परत मिळत नाही.
नवा दाणा दळायचा, पीठ जुळतं का बघायचं,
सेकंदाला अब्जावधी वेळा,
पंख्यांच्या घरघरीत.

मीठ घातलेलं नव्हतं.
मीठ असतं तर दोघांचा एकच शब्दही
दोन वेगळ्या चेहऱ्यांचा झाला असता.
खाल्ल्या मिठाला जागणारे हॅश मी पाहिलेत,
महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत.
हे अळणी. पहिल्याच रात्री बोलायला लागले:

पुनिक. मुस्तिक. पुनिक२.
मुस्तिक आणि ती व्यायली ते वर्ष.
एक शिवी. तीच शिवी, पुढे उद्गारचिन्ह.
नातीचं नाव उलटं.
गाईच तेवढ्या, माणसं कमी.

सकाळपर्यंत सहाशे चौतीस.
तावेत म्हणाला, आता नावं लाव.
मी मूळ यादी उघडली
आणि तिच्यात एकशे सहाच ओळी होत्या.

सुटलेली ओळ मूळ यादीतून काढून टाकावी:
त्या चौकोनात खूण होती. माझीच.
सुटलेल्यांच्या यादीत हॅश आणि शब्द,
नाव कुठेच नाही. ते मूळ ओळीबरोबर गेलं.
पुन्हा चालवून पाहिलं, येड्यासारखं.
यंत्र म्हणालं, हे सगळं आधीच ठाऊक आहे,
आणि थांबलं.

प्रत ठेवली असशीलच, तावेत म्हणाला.
मी कॉफी करायला उठले.

ज्यांनी तोंड उघडलं नाही
ते एकशे सहा तेवढे नावासकट शाबूत.

मार्चमध्ये गावच्या वाचनालयात टेबल मांडलं.
एकेकाने यायचं, आठवेल ते टाइप करायचं,
आम्ही मान फिरवायची.
हेल्यू पीरमेट्सने दोन बोटांनी लिहिलं, जुळलं.
तिच्या जावेचंही तेच जुळलं.
दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं
की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.
पुनिकचे दावेदार सहा निघाले.
सहाही गाई तांबड्याच असणार.

काल्यो सिबुल शेवटी आला, टोपी हातात.
त्याला शोधावं लागलं नाही, तो न सुटलेल्यांत होता.
चारदा लिहिलं. चारदा नाही.
मग म्हणाला, माझीही पुनिकच, पण
मी तिला त्या नावाने हाक मारत नसे.
आणि त्याने जीभ टाळ्याला लावून
असा काही आवाज केला
की मागे कुणीतरी खुर्ची सरकवली,
जणू दाराशी खरंच काही आलंय.

हे तुम्ही लिहिलं कसं होतं, मी विचारलं.
तेच तर, तो म्हणाला.

आम्ही ट घातला, त्स घातला, दोन प घातले,
मधे जागा सोडून पाहिली.
तो प्रत्येक वेळी वाचायचा,
ओठ हलवून बघायचा, मान हलवायचा.
अंधार पडला. वाचनालयाच्या बाईने दिवे लावले
आणि शेवटी तिनेही एकदा करून पाहिला तो आवाज,
हळूच, चाव्या हातात घेऊन.

ती ओळ अजून तिथेच आहे.
सिबुल, काल्यो, कोलन, बत्तीस अक्षरं.
तावेत मधूनच विचारतो, चालवू का पुन्हा?
मी त्याला एक नवं स्पेलिंग देते.